आपली सोसायटीही मालक आहे
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल पाच मिनिटं बोला." माझं काम म्हणजे कामगार कायदा, आणि तोही मालकांच्या बाजूने. आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असं वाटेल. पण तो मी आपल्या गेटपर्यंत आणणार आहे.

आमचं ऑफिस छोटं, पाच वकिलांचं. सातपूर-अंबडचे लघुउद्योजक, दोन-चार हॉस्पिटलं, काही शाळा असे आमचे अशील. मुंबईच्या बड्या फर्मची फी त्यांना परवडत नाही. त्यांना हवा असतो कारखान्यात येऊन हजेरीपट बघणारा, कामगार न्यायालयात उभा राहणारा आणि युनियनच्या पुढाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा वकील.

मालकाचा फोन बहुधा असा येतो: "मॅडम, एक माणूस काढायचाय, उद्यापासून." मी विचारते, नेमणूकपत्र दिलं होतं? हजेरी ठेवलीय? लेखी ताकीद दिली? चौकशी केली? चारही उत्तरं 'नाही'. मग मी म्हणते, आधी थांबा. चौकशीशिवाय काढलेला कामगार कोर्टातून मागच्या पगारासकट परत येऊ शकतो. लोकांना वाटतं, मालकाचा वकील म्हणजे पैसे बुडवायच्या वाटा दाखवणारा. प्रत्यक्षात आमची निम्मी शक्ती "देऊन टाका" हे मालकाला पटवण्यात जाते. वेळेवर दिलेले पैसेच सगळ्यात स्वस्त पडतात.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे सहा माणसं काम करतात. म्हणजे आपण पन्नास कुटुंबं मिळून मालक आहोत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता आल्या. किमान वेतन, वेळेवर पगार, नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब, हे त्यात आहे. उद्या एजन्सीकडून वॉचमन घ्यायचं ठरलं, तरी एजन्सीचं २००५ च्या कायद्याखालचं लायसन्स आणि पीएफची चलनं मागून बघावी लागतील. 'ते एजन्सीचं बघून घेतील' म्हणून हात झटकता येत नाहीत.

पण कायद्याने आपल्याला सूटही दिलीय. सभासदांना सेवा देणारी निवासी संस्था 'उद्योग' नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एका अपार्टमेंट संस्थेच्या प्रकरणात म्हटलं. ग्रॅच्युइटी लागू व्हायला निदान दहा कामगार लागतात, आपल्याकडे सहाच. म्हणजे पहिल्या दिवसापासून गेटवर असलेले आपले वॉचमनकाका निवृत्त झाले, तर ग्रॅच्युइटी म्हणून एक रुपयाही देण्याचं कायदेशीर बंधन आपल्यावर नाही. अशिलाने विचारलं असतं तर वकील म्हणून मला हेच उत्तर द्यावं लागलं असतं.

सभासद म्हणून मात्र मी वेगळा हिशेब मांडते. शेवटचा पगार १३,००० धरू. त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की एका वर्षाचे ७,५०० होतात. पंचवीस वर्षांचे १,८७,५००. पन्नास फ्लॅटमध्ये वाटले तर फ्लॅटमागे ३,७५०. आणि ते पंचवीस वर्षांत विभागले, तर महिन्याला साडेबारा रुपये! आजकाल एवढ्यात कटिंग चहा येतो.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन ठराव करू. सहाही जणांना नेमणूकपत्र द्यायचं. पगार दरमहा सात तारखेच्या आत त्यांच्या बँक खात्यात जमा करायचा. आणि मेंटेनन्समधून वेगळा ग्रॅच्युइटी निधी सुरू करायचा, मागची वर्षं धरून. मागचा बोजा एकदम पडेल, त्याचे हप्ते पाडता येतील. मसुदा मी विनामूल्य करून देते.

रंगकाम, लिफ्ट, सोलर यांसाठी आपण निधी ठेवला. ज्यांनी पंचवीस वर्षं रात्री जागून काढल्या, त्यांच्यासाठीही ठेवू. कायदा सांगत नाही, तरीही.

एवढं बोलून थांबते. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.