पेढीचे अ‍ॅप आणि त्याची मालकी
(व्याख्यानाचा पाठ)



लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर स्वस्तिक काढले जाते, ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते आणि त्या दिवसापासून ती वही पेढीची होते. कोणाकडे किती बाकी आहे, कोणाला कोणता भाव लावला आहे, कोणाचा माल परत आला आहे, हे सारे तिच्यात असते. दिवाणजी कितीही विश्वासू असले तरी ती वही त्यांच्या घरी मुक्कामाला जात नाही. हा दंडक कोणी लिहून ठेवलेला नाही. पण तो मोडणारी पेढी शोधावी लागेल.

तीच पेढी जेव्हा स्वतःचे मोबाईल अ‍ॅप तयार करवून घेते, तेव्हा हा दंडक अगदी सहज विसरला जातो. अ‍ॅप दुकानात मांडण्याचे खाते ते बनवणाऱ्याच्या नावावर उघडले जाते. मूळ आज्ञावली त्याच्या संगणकावर राहते. गिऱ्हाइकांची नावे, क्रमांक आणि बाकी त्याने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर साठत जातात. मालकाच्या हाती उरते ते मोबाईलच्या पडद्यावरचे पेढीच्या नावाचे एक छोटे चित्र! दोन वर्षांनी बनवणाऱ्याशी मतभेद झाले, किंवा तो नोकरीनिमित्त परदेशी गेला, की वही कोणाच्या घरी होती हे ध्यानात येते.

अ‍ॅपचा हा बाजार फार जुना नाही. अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडची बाजारपेठ उघडली. तिलाच २०१२ पासून गूगल प्ले म्हणतात. भारतातील छोट्या व्यापाराला मात्र खरी कलाटणी मिळाली ती २०१६ मध्ये. त्या वर्षी यूपीआय आले, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि गल्ल्याशेजारी चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला गेला. तेव्हापासून मोबाईलवर व्यवहार करणे ही केवळ शहरी तरुणांची बाब राहिली नाही.

तरीही प्रत्येक पेढीला अ‍ॅप हवेच, असे मुळीच नाही. ज्यांची गिऱ्हाइके तीस-चाळीस आहेत, त्यांचे काम व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर उत्तम भागते. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या या सोयीत मालाची चित्रे व भाव मांडता येतात आणि छोट्या दुकानासाठी तिला खर्च नाही. शेजारच्या पेढीने केले म्हणून अ‍ॅप करणे हा केवळ हौसेचा खर्च ठरतो.

दीड-दोनशे किरकोळ दुकानदारांना माल पुरवणाऱ्या घाऊक किराणा पेढीची गोष्ट वेगळी आहे. तिथे सकाळी दूरध्वनी अखंड वाजत असतो. एक माणूस मागण्या उतरवून घेण्यातच गुंतलेला असतो आणि ऐकण्यातील एका चुकीने भलताच माल टेम्पोत चढतो. अशा पेढीला अ‍ॅप उपयोगी पडते, परंतु त्यासाठी दुकानदाराला नेमके काय हवे आहे ते ओळखावे लागते. त्याला पेढीचा इतिहास वाचायचा नसतो. (संस्थापकांच्या तसबिरीचे पान सर्वांत आधी तयार होते आणि बहुधा सर्वांत कमी उघडले जाते.) त्याला मागच्या खेपेचीच यादी दोन-चार फेरफार करून पुन्हा पाठवायची असते आणि आपली बाकी किती ते पाहायचे असते. या दोन गोष्टी पहिल्याच पडद्यावर मिळाल्या, तर निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे मात्र कठीण असते, आणि ते संगणकाचे नसून व्यापाराचे असते. साखर कट्ट्याने जाते, तेल डब्याने, साबण पेटीने आणि मसाला किलोने. तेव्हा मागणीत नुसते ‘५’ लिहिले तर ते पाच काय? मागणी नोंदवली त्या वेळचा भाव लावायचा की माल निघाला त्या दिवसाचा? गोदामात दहा कट्टे शिल्लक असताना दोघांनी आठ-आठ कट्टे मागितले, तर कोणाला किती? जुन्या गिऱ्हाइकाचा भाव नव्याला दिसता कामा नये, याची व्यवस्था काय? या प्रश्नांची उत्तरे मालकाने दिली नाहीत, तर संगणकतज्ज्ञ आपल्या समजुतीप्रमाणे ती देऊन मोकळा होतो आणि पेढीचा रिवाज एका परक्या माणसाकडून ठरला जातो.

नावांचीही तीच गत आहे. कोणी ‘शेंगदाणे’ शोधतो, कोणी नुसते ‘दाणे’, कोणी तेच रोमन अक्षरांत लिहितो. ही पर्यायी नावांची यादी कोणत्याही संगणकतज्ज्ञाकडे नसते. ती दिवाणजींच्या डोक्यात असते. म्हणून अ‍ॅपची आखणी चालू असताना दिवाणजींना त्या बैठकीत बसवावे, आणि चाचणीसाठी पहिला मोबाईलही त्यांच्याच हाती द्यावा.

खेड्यातील दुकानात नेटवर्क जाते-येते. दुकानदार ‘पाठवा’ हे बटण दाबतो, काही घडलेले दिसत नाही, म्हणून पुन्हा दाबतो. आणि पेढीवर एकच मागणी दोनदा पोहोचते. यावर उपाय सोपा आहे. मागणी तयार होते त्याच क्षणी मोबाईलनेच तिला एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर पेढीच्या संगणकाने तो पुन्हा नोंदवायचा नाही. नेटवर्क नसेल तर मागणी मोबाईलमध्ये थांबून राहावी आणि पुढे आपोआप जावी. हे सुरुवातीलाच सांगितले तर थोडक्यात होते, नंतर करू म्हटले तर बरेच काही उसवावे लागते.

आता मूळ प्रश्न, मालकीचा. ‘पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली’ हा व्यापाऱ्याचा स्वाभाविक समज येथे फसवा ठरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली हे साहित्यकृतीसारखे लेखन मानले जाते आणि तिचा पहिला मालक ती लिहिणारा असतो. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून लिहिली, तर एरवी मालकी पेढीची होते. पण बाहेरच्या व्यावसायिकाकडून मोबदला देऊन लिहून घेतली, तर केवळ मोबदला दिल्याने मालकी येत नाही. हक्क लेखी करून द्यावा लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. तेव्हा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द करारात आहेत की नाहीत, ते पहिला हप्ता देण्यापूर्वीच वकिलाकडून पाहून घ्यावे. मूळ आज्ञावलीची प्रत प्रत्येक हप्त्याबरोबर ताब्यात घ्यावी.

खात्याचेही तसेच आहे. गूगल प्लेचे खाते एकदाच पंचवीस डॉलर भरून उघडते. अ‍ॅपलचे वर्षाला नव्याण्णव डॉलर मागते. किरकोळ दुकानदारांच्या हाती बहुतांशी अँड्रॉइडच असल्याने आरंभी पहिले पुरे. हे खाते पेढीच्या नावे, पेढीच्या ई-मेलवर उघडावे आणि बनवणाऱ्याला त्यात केवळ कामापुरता प्रवेश द्यावा. संस्थेच्या नावाने खाते घ्यायचे तर डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीचा ओळखक्रमांक लागतो. नव्या वैयक्तिक खात्याला मात्र अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. खाते दुसऱ्याचे असेल तर अ‍ॅप तेथून हलवण्यास त्याची संमती हवी. ती नाही मिळाली, तर नवे अ‍ॅप नव्याने मांडून दोनशे दुकानदारांना एकेक करून ते पुन्हा घ्यायला सांगण्यावाचून गत्यंतर नसते.

एक भीती मात्र अनाठायी आहे. अ‍ॅपमधून साखर विकली तर गूगल किंवा अ‍ॅपल आपला हिस्सा मागेल, असे अनेकांना वाटते. त्यांची दलाली डिजिटल वस्तूंवर आहे, प्रत्यक्ष मालावर नाही.

अ‍ॅप एकदा बांधले की संपले, असेही नाही. गूगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची अट पुढे सरकवते. जे अ‍ॅप मागे राहते ते नव्या मोबाईलवाल्यांना दिसेनासे होते. म्हणून देखभालीचा वार्षिक खर्च बांधणीच्या करारातच ठरवून घ्यावा.

गिऱ्हाइकाची माहिती ही पेढीकडे ठेवलेली अनामत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. गंभीर कसुरीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मागणी घेण्यासाठी दुकानाचे नाव, पत्ता, क्रमांक आणि जीएसटी क्रमांक पुरतो. मग मोबाईलमधील सर्व संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी हे अ‍ॅप कशासाठी मागते, असे मालकाने बनवणाऱ्याला जरूर विचारावे. बहुतेक वेळा उत्तर मिळते की, आधीच्या एका कामातून तसेच उचलले होते.

अ‍ॅप आल्यावर दूरध्वनी बंद करण्याची घाई मोठमोठ्यांनाही महागात पडली आहे. मिंत्रा या कपडे विकणाऱ्या कंपनीने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद करून केवळ अ‍ॅपवर विक्री ठेवली. जून २०१६ मध्ये ते संकेतस्थळ पुन्हा उघडावे लागले. घाऊक पेढीच्या गिऱ्हाइकांत साठी ओलांडलेले दुकानदार असतात, त्यांचा पडद्यावर विश्वास बसायला वेळ लागतो आणि काहींचा बसतही नाही. त्यांची मागणी दूरध्वनीवरच घ्यावी. मात्र ती घेणाऱ्याने वहीऐवजी त्याच अ‍ॅपमध्ये त्या दुकानदाराच्या नावावर उतरवावी. पहिला महिना वही आणि अ‍ॅप दोन्ही चालू ठेवावीत, आणि रोज संध्याकाळी टेम्पो गेल्यावर दिवाणजींनी दोन्हींची बेरीज ताडून पाहावी.