सातची घंटा



नववीत सकाळी सातच्या तासाला मी रोज पेंगायचे. बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. मी आळशी आहे, हे मलाही पटलं होतं. मागच्या वर्षी तोच शब्द मी माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला ऐकवला. ती म्हणाली, "अगं आई, रात्री लवकर झोपच येत नाही."

मग मी वाचायला घेतलं. वयात येताना झोपेचा इशारा देणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. झोप मात्र आठ ते दहा तास लागतेच. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं कायद्यानंच साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्या राज्यात २०२४ मध्ये नऊनंतर शाळा भरवायचं ठरलं, पण चौथीपर्यंतच. नववी-दहावीची मुलं राहिली.

दोन पाळ्या, अपुऱ्या खोल्या, या अडचणी मला कळतात. निदान पहिल्या तासाला चाचणी नको. आणि पेंगणाऱ्या मुलाला बाहेर काढण्याआधी विचारा, "रात्री झोप झाली का रे?"

बाईंवर राग नाही. तेव्हा आपल्यापैकी कुणाला हे ठाऊक नव्हतं. मला मात्र आता ठाऊक आहे. लेकीची मी माफी मागितली.