वय झालं तरी मेंदू शिकतो
(वर्धापन दिनी दिलेले भाषण)



आज मेंदूविषयी चार शब्द सांगायचे आहेत. पण सुरुवात माझ्या आईपासून करतो. माझी आई निरक्षर होती. बस आली की शेजारच्याला विचारायची, "दादा, ही कुठली?" औषधाच्या गोळ्या पाकिटाच्या रंगावरून ओळखायची. एकदा दुकानात त्याच गोळीचं दुसऱ्या रंगाचं पाकीट मिळालं, आणि नवी गोळी समजून तिने दोन्ही घेतल्या. रात्रभर आम्ही उशाशी बसून होतो. सकाळी ती म्हणाली, "बाळा, मला वाचायला शिकव." मी म्हणालो, "आता या वयात डोक्यात शिरणार आहे का?"

माझं ते बोलणं चुकीचं होतं. ते किती चुकीचं होतं, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांच्यातले जोड वापराने पक्के होतात, न वापरल्याने सैल पडतात. शेतातल्या पायवाटेसारखंच आहे हे. माणसं चालत राहिली, तर वाट रुळते. मेंदूचा कोणता भाग कधी काम करतो, हे आता एम.आर.आय. यंत्रात दिसतं.

फ्रान्सचे शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १० जण निरक्षर, ३१ जण लहानपणी शाळेत शिकलेले आणि २२ जण मोठेपणी वाचायला शिकलेले होते. वाचता येणाऱ्याच्या मेंदूत डाव्या बाजूला, मागच्या भागात, अक्षरं ओळखणारी एक जागा तयार होते. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही ती जागा काम करताना दिसली!

दुसरा अभ्यास तर आपल्याच देशातला, आणि आपल्याच देवनागरी लिपीचा. लखनौजवळच्या खेड्यांतल्या तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना, त्यात बहुतेक बायाच, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं. आधी आणि नंतर त्यांचा मेंदू तपासला. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नजरेचं काम पाहणारे मेंदूतले खोलवरचे भागसुद्धा वरच्या दृष्टिकेंद्राशी अधिक ताळमेळाने काम करू लागले होते. फक्त सहा महिन्यांत!

हे अभ्यास थोड्या लोकांवरचे आहेत, हे खरं. मोठ्या माणसाला पोरासारखं झटपट जमत नाही, हेही खरं. वेळ लागतो, रोजचा सराव लागतो. पण "आता काय उपयोग" असं म्हणायला आधार उरलेला नाही.

माझी आई गेली ती अंगठा उठवतच. दोष तिच्या मेंदूचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

म्हणून शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना माझी हात जोडून विनंती आहे. घरी आजी असेल, मावशी असेल, तिच्याजवळ रोज संध्याकाळी अर्धा तास बसा. आधी तिचं नाव, मग बसचा आकडा, मग औषधाचं पाकीट. ती चुकेल, हसेल, पाटी बाजूला ठेवेल. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा तिच्या हातात द्या. माझ्यासारखी चूक करू नका.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम!