किशोरवयातील कादंबरीवाचन



ज्या व्यासपीठावरून पाटबंधारे, सहकार, वेदान्त आणि परराष्ट्रनीती अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले, तेथे मी तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या कादंबरीवाचनाचा विषय घेऊन उभा आहे, आणि तो या व्याख्यानमालेतील कोणत्याही विषयाइतकाच महत्त्वाचा आहे अशी माझी श्रद्धा आहे. शालान्त परीक्षा तोंडावर आलेली मुलगी भूमितीच्या पुस्तकाआड माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ ही कादंबरी धरून बसते, मध्यरात्र उलटली तरी तिच्या खोलीतला दिवा मालवत नाही, जेवायला हाक मारली तर ओ देत नाही. आणि मग घरची वडील मंडळी जी फिर्याद मांडतात तिची कलमे आपणां सर्वांना तोंडपाठ आहेत. वेळ वाया जातो, मन कल्पनेच्या राज्यात रमते, नको त्या वयात नको ते कळते, आणि ऐतिहासिक कादंबरी असेल तर इतिहासाची भलतीच समजूत करून घेतली जाते. पहिल्या तीन कलमांत मला फारसे तथ्य दिसत नाही. चौथे मात्र वजनदार आहे, आणि त्याचा विचार मी पुढे सविस्तर करणार आहे.

ही फिर्याद जुनी आहे आणि ती एकट्या महाराष्ट्राची नाही. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेने ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत कॅथरिन मॉरलँड नावाची सतरा वर्षांची नायिका रंगविली. १७९४ साली निघालेल्या ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ या भयाद्भुत कादंबरीने ही मुलगी इतकी भारावून जाते, की पुढे एका जुन्या वास्तूत पाहुणी म्हणून राहावयास गेली असता यजमान जनरलसाहेबांनी आपल्या पत्नीचा घात केला असावा असा तर्क ती मनाशी बांधते. तर्क खोटा ठरतो आणि तिला लज्जित व्हावे लागते. येथवरची कथा कादंबरीवाचनाच्या विरोधकांना प्रिय आहे. परंतु त्यांनी पुढची प्रकरणे वाचलेली नसतात. ही मुलगी धनिक नाही असे कळताच तेच जनरलसाहेब तिला, सोबतीला कोणी न देता, भल्या पहाटे घराबाहेर काढतात. म्हणजे खुनाचा तपशील चुकला, पण माणूस निष्ठुर आहे ही पारख चुकली नव्हती. अद्भुतकथांनी तिला खोटी घटना शिकविली असेल, पण सौजन्याच्या पडद्यामागे सत्तेचा उन्माद कसा दडलेला असतो हे ओळखण्याची दृष्टीही त्यांनीच दिली. हे हस्तलिखित १८०३ साली एका प्रकाशकाने दहा पौंडांस विकत घेतले आणि छापलेच नाही. लेखिकेच्या निधनानंतर, १८१७ च्या अखेरीस, ते पुस्तकरूपाने लोकांपुढे आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. या वयाला ऐतिहासिक कादंबरीचे एवढे वेड का? तलवारी, घोडे, पैठण्या, नगारखाने यांची भूल पडते, असे उत्तर नेहमी दिले जाते. ते मला अपुरे वाटते. या कादंबऱ्यांचे नायक किती वर्षांचे होते ते पाहा. पानिपतच्या संहारानंतर त्याच वर्षी, १७६१ साली, नानासाहेब पेशवे निवर्तले आणि पेशवाईची वस्त्रे माधवरावांच्या अंगावर आली, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. दौलत कर्जात बुडालेली, चुलते कारभार आपल्या हाती ठेवण्यास उत्सुक, निजाम सरहद्दीवर टपलेला, अशा स्थितीत राक्षसभुवनची लढाई जिंकली गेली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. संभाजीराजे १६६६ साली पित्यासमवेत आग्र्याच्या दरबारात गेले ते नवव्या वर्षी. जी मुलगी आज सोळा वर्षांची आहे, जिला मोठी माणसे कोणत्याही महत्त्वाच्या मसलतीत घेत नाहीत, जिने कोणती शाखा घ्यावी हेदेखील इतरेजनच ठरवितात, तिला या कादंबऱ्यांत आपल्याच वयाची माणसे दिसतात, आणि त्यांच्या शब्दाला वजन असते, त्यांच्या चुकीची किंमत राज्याला मोजावी लागते. किशोरवयाला गांभीर्याने घेणारे जग तिला तेथे भेटते. तिच्या त्या तहानभूक हरपून चाललेल्या वाचनाचे कारण माझ्या मते हे आहे.

आणि म्हणूनच जी मुले ऐतिहासिक कादंबऱ्यांवर तुटून पडतात तीच मुले आपल्या वयाच्या सामान्य मुलांच्या कथाही तितक्याच आवडीने वाचतात. या दोन आवडी परस्परविरुद्ध आहेत असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. पण दोहोंचा उगम एक आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतातील टल्सा या शहरी एस. ई. हिंटन नावाच्या मुलीने आपल्या शाळेतील श्रीमंत व गरीब मुलांच्या टोळ्यांचे वैर पाहून वयाच्या पंधराव्या वर्षी ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी लिहावयास घेतली आणि १९६७ साली ती प्रसिद्ध झाली. आपल्या भोवतीच्या मुलांचे खरे जिणे कोणत्याच पुस्तकात नाही, ही तिची खंत होती. लेखिका मुलगी आहे हे कळल्यास टीकाकार पुस्तक बाजूला सारतील या भयाने प्रकाशकाने तिच्या नावाची केवळ आद्याक्षरे छापली. इंग्लंडमधील जॉर्जेट हेयर हिने सतराव्या वर्षी आपल्या आजारी भावाच्या करमणुकीसाठी अठराव्या शतकातील एका साहसाची कथा रचली. ‘द ब्लॅक मॉथ’ या नावाने ती १९२१ साली निघाली, आणि पुढे ऐतिहासिक प्रणयकथेचा एक संप्रदायच तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला. एकीने आपला गल्लीबोळ लिहिला, दुसरीने गतकाल. दोघीही लिहू लागल्या तेव्हा किशोरवयीन होत्या.

आपल्याकडे या दोन धारा एकाच पाटातून वाहिल्या आहेत, आणि याचे श्रेय हरिभाऊ आपट्यांचे आहे. त्यापूर्वी, १८७१ साली, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘विविधज्ञानविस्तारा’त ‘मोचनगड’ लिहून मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला होता हे खरे. परंतु १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हरिभाऊंनी ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि ‘उषःकाल’ अशा दोन्ही कादंबऱ्या क्रमशः दिल्या, आणि अंकाची वाट पाहणाऱ्या घरांतून त्या वाचल्या गेल्या. पहिल्या कादंबरीची यमू आपली हकीकत स्वतः सांगते: बालपण, भाऊ, मैत्रीण दुर्गी, लहान वयातले लग्न, सासर, वैधव्य. आज ज्याला आपण किशोरवयीनांची कादंबरी म्हणतो तिची सारी लक्षणे या आत्मकथनात आहेत, आणि तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिची गणना सामाजिक कादंबरी या एकाच रकान्यात होते, याचे मला वाईट वाटते. यमूच्या भोवती तिच्याविषयीचे सर्व निर्णय तिला न विचारता घेतले जातात. ‘उषःकाला’तील तरुणांपुढे स्वराज्याचा निर्णय येऊन उभा राहतो. एकाच लेखणीने एका अंकात वाचकाला त्याचा पिंजरा दाखविला आणि दुसऱ्या अंकात पंख.

आता ते चौथे कलम. कादंबरीने इतिहास बिघडतो काय? बिघडतो, हे मी निःसंकोच मान्य करतो, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला संभाजीमहाराजांचा आहे. महाराजांचा वध १६८९ सालचा. आणि ज्या चिटणीसांच्या बखरीवरून त्यांचे व्यसनी व उच्छृंखल चित्र पुढे रूढ झाले ती बखर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. नाटकांनी ते चित्र रंगविले, पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनी त्याला टाळ्या दिल्या, आणि ज्याने प्राण दिले पण मान वाकविली नाही अशा पुरुषाची कीर्ती काळवंडून गेली. हा अन्याय दूर केला तो वा. सी. बेंद्रे यांनी. आयुष्याची अनेक वर्षे देशी-परदेशी कागदपत्रे धुंडाळून त्यांनी १९६० साली ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा चरित्रग्रंथ सिद्ध केला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ सालची आहे. हा क्रम मी मुद्दाम सांगतो. आधी दप्तर बोलले आणि मग कादंबरी बोलली. परंतु बेंद्र्यांचा ग्रंथ अभ्यासकांच्या टेबलावर राहिला आणि ‘छावा’ घरोघर पोहोचली. लोकमानस पालटण्याचे काम कागदाने एकट्याने केले नाही, कादंबरीनेही एकटीने केले नाही.

तेव्हा उपाय कोणता? पुस्तक हातून हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. एका पुस्तकाशेजारी दुसरे पुस्तक ठेवणे हा उपाय आहे. आमच्या गावच्या वाचनालयात नववीतली एक मुलगी ‘स्वामी’ परत करावयास आली होती. थेऊर येथील माधवरावांच्या मृत्यूचा शेवटचा भाग वाचून तिचे डोळे सुजलेले होते, आणि पुस्तक फळीवर ठेवताना ती ग्रंथपालांना म्हणाली, “काका, हे सगळं खरंच असं झालं होतं का?” ग्रंथपालांनी तिला उपदेश केला नाही की हसण्यावारीही नेले नाही, रियासतकार सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चा माधवरावांविषयीचा भाग काढून दिला. जड बांधणीचा तो ग्रंथ तिला पेलेल असे मलाही वाटले नव्हते. पंधरवड्यानंतर ती आली ती दुसराच प्रश्न घेऊन. मृत्यूपूर्वी माधवरावांनी कारभाराविषयी आपली इच्छा नऊ कलमांत लिहवून ठेवली आणि तीत कर्जफेडीची आज्ञा केली, हे तिच्या वाचनात आले होते. सत्तावीस वर्षांचा पेशवा राजयक्ष्म्याने मरणपंथाला लागला असताना त्याच्या मनात सावकारांचे देणे का, हे तिला समजून घ्यावयाचे होते. ग्रंथपालांनी तिला समोर बसवून घेतले, पानिपतच्या स्वारीचा खर्च, सरंजाम, वसुली आणि सावकारी यांचा हिशेब मांडून दाखविला, आणि वाचनालय बंद होण्याची वेळ टळून गेली तरी ती वहीत टिपून घेत होती. माधवरावांच्या पत्नी रमाबाईंसाठी रडलेल्या मुलीने दौलतीच्या जमाखर्चाविषयी विचारावे, हा प्रवास कोणत्याही अभ्यासक्रमाने घडवून आणला नसता. तिच्या अश्रूंनीच तिला त्या हिशेबाच्या दाराशी आणले होते.

इतिहासाच्या सर्वांत कठोर साधकालाही कादंबरीचे वावडे नव्हते, याचे स्मरण येथे अवश्य करावे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढणारे, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून कागदांचे रुमाल गोळा करीत गावोगाव हिंडणारे इतिहासाचार्य राजवाडे यांनीच १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला आणि अद्भुतरम्य कादंबरीचा पक्ष हिरीरीने मांडला. ज्यांना अस्सल पत्राचे मोल सर्वांहून अधिक ठाऊक होते त्यांना कल्पनेचेही मोल ठाऊक होते. १९६८ साली आलेल्या रणजित देसायांच्या ‘श्रीमान योगी’लाही नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे, आणि शिवचरित्रातील नाट्यमय प्रसंगांपलीकडे जाऊन महाराजांच्या कर्तृत्वाचा विचार कसा करावा हे ती शिकविते. पुष्कळ मुले ती पाने ओलांडून थेट कथेकडे धाव घेतात. घेऊ द्यावी. कथा संपल्यावर, मन भरलेले असताना, त्यांना त्या पानांकडे परत आणावे. त्या वेळी तीच पाने कथेइतकी चित्तवेधक वाटतात.

एक उणीव मात्र आपण मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणे या कथानायकाला सायकलीवर बसवून मराठी मुलांच्या स्वाधीन केले, ‘किशोर’ मासिकाने १९७१ पासून मुलांना सकस मजकूर दिला. परंतु बनेशचा निरोप घेतल्यावर आमचा वाचक एकदम ‘मृत्युंजया’सारख्या प्रौढ कादंबरीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो. मधल्या वयाचे, मधल्या मनाचे, आजच्या मुलीच्या मैत्रीचे, मत्सराचे, पहिल्या ओढीचे, घरातील भांडणांचे वाङ्मय मराठीत अत्यल्प आहे. ती भूक मग इंग्रजी किशोरकादंबऱ्यांवर भागविली जाते. इंग्रजी वाचण्याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. पण स्वतःच्या अंतःकरणाची भाषा परक्या शहरांच्या वर्णनांतूनच शिकावी लागावी, ही आम्हा मराठी लेखकांची नामुष्की आहे.

या सभेत वाचनालयांचे चालक आहेत, शिक्षक आहेत, लेखकही आहेत, म्हणून माझी विनंती तिघांपुढे ठेवतो. लेखकांनी या मधल्या वयासाठी लिहावे, आणि ते हलके काम समजू नये. शिक्षकांनी वर्गात एखाद्याच्या दप्तरात कादंबरी सापडली तर ती जप्त करण्याऐवजी कुठवर वाचून झाली, एवढे विचारावे. आणि वाचनालयांनी बालविभाग व मुख्य विभाग यांमधली भिंत तेरा वर्षांपुढच्या सभासदांसाठी काढून टाकावी, त्यांना मुख्य विभागात फिरण्याची मुभा द्यावी, आणि ‘छावा’च्या शेजारी बेंद्र्यांचा ग्रंथ, ‘स्वामी’च्या शेजारी रियासतीचा भाग असा त्याच फळीवर, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर ठेवावा. याला अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. येत्या सोमवारी वाचनालय उघडेल तेव्हा हे काम करता येईल.