विजेची मोटार : जुनी आलिशान की नवी लहान?



बैल विकत घेताना जाणता शेतकरी शिंगांना लावलेल्या रंगाकडे पाहत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो आणि चार पावले चालवून पाहतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीची पारखही याच रीतीने करावी लागते. फरक इतकाच की, या मोटारीचे दात म्हणजे तिची बॅटरी, आणि ती तळाशी झाकलेली असल्यामुळे सहजासहजी दिसत नाही.

हाती रक्कम तेवढीच आहे. तिच्यात एकेकाळची आलिशान, पण आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी येते, किंवा अलीकडची, लहान आणि साधी गाडी येते. यांपैकी कोणती घ्यावी? हा प्रश्न अमेरिकेतील हजारो कुटुंबांपुढे येऊन ठेपला आहे. तेथील अनुभव आपल्यालाही मार्गदर्शक ठरावा.

दोन गाड्या, दोन प्रकृती

टेस्ला कंपनीची ‘मॉडेल एस’ ही मोटार जून २०१२ मध्ये ग्राहकांच्या हाती पडली. तिच्या ८५ युनिट वीज साठविणाऱ्या बॅटरीत सात हजारांहून अधिक लहान घट होते. वजन सुमारे २,१०० किलो, लांबी जवळजवळ ५ मीटर आणि एका भरणीत सरकारी चाचणीप्रमाणे ४२६ किलोमीटरचा पल्ला. नवी असताना तिची किंमत सत्तर हजार डॉलरच्या पुढे होती.

२०१६ च्या अखेरीस जनरल मोटर्सने ‘शेव्हरोले बोल्ट’ ही लहान गाडी बाजारात आणली. तिची बॅटरी ६० युनिटांची, वजन सुमारे १,६०० किलो, लांबी सव्वाचार मीटरच्या आत आणि पल्ला ३८३ किलोमीटर. म्हणजे बॅटरी पुष्कळ लहान असूनही पल्ल्यात केवळ त्रेचाळीस किलोमीटरांची उणीव. २०२३ साली हीच गाडी नवी कोरी सुमारे साडेसव्वीस हजार डॉलरांत मिळत होती.

वीज कोण किती खाते, हेही पाहण्याजोगे आहे. सरकारी चाचणीनुसार शंभर किलोमीटरला मॉडेल एसला साधारण साडेतेवीस युनिट लागतात, बोल्टला साडेसतरा. वर्षाला वीस हजार किलोमीटर धावणे झाले तर बाराशे युनिटांचा फरक पडतो. युनिटला पंधरा सेंट दर धरल्यास ही रक्कम वर्षाला १८० डॉलर भरते. तात्पर्य, केवळ विजेच्या बिलावरून निर्णय घेण्यात अर्थ नाही. खरी जोखीम अन्यत्र आहे.

हमीचा काळ

मॉडेल एसच्या ८५ युनिटांच्या बॅटरीला कंपनीने आठ वर्षांची हमी दिली होती. त्यामुळे २०१२ सालच्या पहिल्या गाड्यांची हमी २०२० मध्येच संपली. त्यानंतर बॅटरी निकामी झाली, तर ती बदलण्याचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर सहज जातो. म्हणजे स्वस्तात घेतलेल्या गाडीची किंमत पुन्हा एकदा मोजावी लागण्याचा प्रसंग येतो. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची शिल्लक अशा एका बिलात संपू शकते. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. दुरुस्तीचा दर आलिशान गाडीचाच राहतो.

बॅटरीखेरीज इतर अवयवांनाही वय असते. मॉडेल एसच्या मधल्या मोठ्या पडद्यामागील स्मृति-पट्टिका वापराने झिजून पडदा बंद पडू लागला. परिणामी फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २०२२ साली अमेरिकेतील जुनी तिसऱ्या पिढीची दूरध्वनी-यंत्रणा बंद झाली, तेव्हा जुन्या गाड्यांचा बाह्य संपर्कही खुंटला आणि तो पूर्ववत करण्यासाठी नवा भाग बसविणे भाग पडले.

नवी म्हणजे निर्दोष नव्हे

अर्थात, लहान आणि नवी गाडी निर्धोक असते, असाही समज करून घेऊ नये. बोल्टच्या काही घटांत उत्पादनदोष राहिल्याने आगीचा धोका निर्माण झाला. ऑगस्ट २०२१ पर्यंत उत्पादित झालेल्या सर्व, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या कंपनीने परत बोलविल्या. मात्र त्यानंतर पुष्कळ गाड्यांत नवी बॅटरी विनामूल्य बसविण्यात आली आणि तिला नव्याने आठ वर्षांची हमी मिळाली. त्यामुळे २०१७ सालची बोल्टदेखील बॅटरीच्या दृष्टीने तरुण असू शकते. गाडीचे वय एक आणि बॅटरीचे वय दुसरे, हा विवेक ग्राहकाने राखणे अगत्याचे आहे.

शीघ्र भरणीच्या बाबतीत बोल्ट उणी पडते. तिची मर्यादा सुमारे ५५ किलोवॅट, तर मॉडेल एस तिच्या दुप्पट वेगाने वीज घेऊ शकते. वारंवार लांबचा प्रवास करणाऱ्यास हा फरक जाणवतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन रात्री घरी गाडी भरणाऱ्यास तो जाणवत नाही.

उष्णतेचा धडा

अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स हे शहर अतिशय उष्ण. तेथे २०१२ च्या सुमारास ‘निसान लीफ’ या गाडीच्या बॅटऱ्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटल्याच्या तक्रारी झाल्या. त्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था नव्हती. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा सोसणाऱ्यांनी हा धडा विशेष ध्यानी घ्यावा.

आपल्याकडील विचार

आपल्याकडेही हा प्रश्न आता दूर राहिलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये टाटांची ‘नेक्सॉन’ विजेवर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ८० युनिट बॅटरीची आलिशान ‘मर्सिडीझ ईक्यूसी’ भारतात विक्रीस आली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये लहान ‘टियागो’ दाखल झाली. या गाड्या हळूहळू दुसऱ्या हाताच्या बाजारात येत आहेत.

तेव्हा खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात. बॅटरीची हमी किती उरली आहे आणि ती दुसऱ्या मालकाला लागू होते काय, हे लेखी पाहावे. बॅटरी पूर्ण भरून प्रत्यक्ष किती किलोमीटर जाते, ते पाहावे. परत बोलावलेल्या गाड्यांपैकी ती असल्यास दुरुस्तीचा दाखला मागावा. कंपनीचे दुरुस्ती केंद्र तालुक्यापासून किती दूर आहे, याचा विचार करावा. आलिशान गाडीचे केंद्र मोठ्या शहरातच असेल, तर गाडी तेथवर नेण्याचा खर्चही हिशेबात धरावा.

ज्याची प्रवासाची गरज मोठी आहे, घरात दुसरे वाहन आहे आणि अनपेक्षित खर्च सोसण्याची ऐपत आहे, त्याने जुनी आलिशान गाडी पारखून घेण्यास हरकत नाही. पण ज्या शिक्षकाची शाळा, ज्या ग्रामसेवकाचे काम त्या एकाच गाडीवर अवलंबून आहे, त्याने हमी शिल्लक असलेली लहान गाडी निवडणे अधिक श्रेयस्कर होय. वाहन दाराशी उभे राहून शोभा देण्यासाठी नसते; ते रोज सकाळी वेळेवर निघावे, यासाठी असते.