भिंतीची तयारी

चार वर्षांपूर्वी आमच्या बैठकीच्या खोलीतील भिंतीला नवे रूप देण्यात आले. काम घेणाऱ्या गृहस्थांनी दोन दिवसांत ती आरशासारखी गुळगुळीत करून दिली, पैसे मोजून घेतले आणि ते गेले. पावसाळा संपता संपता त्या आरशाला फोड आले, आणि ऐन दिवाळीत तळहाताएवढा एक पापुद्रा पाहुण्यांच्या फराळाच्या ताटाशेजारी येऊन पडला. भिंतीवर लांबी भरणे, म्हणजे हल्लीच्या भाषेत पुट्टी लावणे, हे काम फारसे अवघड नाही. जुनी भिंत ती लांबी धरून ठेवण्यास लायक करणे हे मात्र अवघड आहे. आज मी ह्या दुसऱ्या कामाविषयीच बोलणार आहे.

आमचे घर बंगळुरूच्या बनशंकरी भागात आहे. १९१५ साली येथे बांधलेल्या देवीच्या मंदिरावरून ह्या वस्तीला हे नाव पडले. देवीचे मूळ ठाणे बदामीजवळचे; महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांची ती कुलदेवता. त्यामुळे बेळगावहून नोकरीसाठी आलेल्या माझ्या वडिलांना ह्या परक्या शहरात हाच भाग आपला वाटला असावा. सुमारे पन्नास वर्षांमागे त्यांनी येथे घर बांधले. भिंती विटांच्या, आणि गिलावा वाळू, चुना व थोडे सिमेंट ह्यांचा.

या वर्षी दुरुस्तीसाठी आलेले मेस्त्री साठीच्या पुढचे होते. पहिल्या दिवशी ते रिकाम्या हातांनी आले, आणि वैद्याने रोग्याची छाती ठोकून पाहावी तशी त्यांनी भिंत वीत वीत ठोकून पाहिली. विटेला घट्ट धरून असलेला गिलावा भरीव बोलतो. सुटलेला गिलावा ढब वाजतो. जेथे आवाज बदलला तेथे त्यांनी खडूने वर्तुळ काढले. सायंकाळपर्यंत भिंतीवर अकरा वर्तुळे झाली.

मग त्यांनी खालच्या बाजूस आलेला लोणा दाखवला. भिंतीत मुरलेले पाणी विटांतील व वाळूतील क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते. पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, आणि ते वाढताना वरचा थर उचलून टाकतात. अशा भिंतीवर कितीही उत्तम लांबी भरा, ती आतून ढकलली जाणारच. मागील बाजूस न्हाणीघराचा नळ गळत होता. तो बदलला, लोणा कोरड्या ब्रशाने झाडून काढला. कारण पाण्याने धुतल्यास तो पुन्हा आत मुरतो. "भिंत वाळली की बोलवा, सार," एवढे सांगून मेस्त्री तीन आठवडे नाहीसे झाले. मुदतीच्या आत प्रकरण निकालात काढण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्या सरकारी माणसाला हे तीन आठवडे जड गेले.

परत आल्यावर खरवडणे सुरू झाले. जुन्या डिस्टेंपरवर ओले बोट फिरवले की बोट पांढरे होते. तो थर खडूच्या भुकटीसारखा असतो. लांबी त्याला चिकटते आणि त्याच्यासकट गळून पडते. म्हणून तो भिंतीवरून पूर्ण उतरवावा लागतो. दारालगतच्या पट्ट्यावरचा जुना तैलरंग मात्र त्यांनी ओला करूनच घासला. पूर्वीच्या अशा रंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची कायदेशीर मर्यादा आली ती २०१७ साली. ती धूळ मुलांच्या पोटात जाणे घातक असते.

तडे त्यांनी बुजवण्याऐवजी आधी रुंद केले, कडा झाडल्या, पाणी मारले आणि मग चुन्याचा गारा भरला. नुसते सिमेंट का नको, असे मी विचारले. मऊ गिलाव्यात कठीण ठिगळ बसत नाही, कडेने पुन्हा तडकते, असे ते म्हणाले. ते बरोबरच होते. चुनखडी भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतील तोच वायू हळूहळू परत घेऊन तो पुन्हा दगड होतो. आपला चुना आणि कन्नडमधील सुण्ण, दोन्ही संस्कृत चूर्णाचीच लेकरे. सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांवर चुना मळण्याच्या घाणी आजही दिसतात. अजिंठ्याच्या कारागिरांनीही छिन्नीच्या खडबडीत खुणांवर तुसाचा, तंतूंचा मातीचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला, आणि मगच रंगाची कुंचली उचलली.

अकरावे वर्तुळ दाराशेजारी होते. तेथे दर पाडव्याला वडील आम्हा भावंडांना उभे करून पेन्सिलीने उंचीची रेघ ओढीत. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. आई म्हणाली, "तेवढा तुकडा राहू दे." मी निरुत्तर झालो. मेस्त्रींनी मात्र वाद घातला नाही. "अम्मा, तुम्हीच ठोकून पाहा," असे ते कन्नडमध्ये म्हणाले. आईने बोटाच्या पेराने प्रथम शेजारी ठोकले, मग त्या रेघांवर. आवाज तिने ऐकला. बराच वेळ ती बोलली नाही. नंतर तिने एक लाकडी पट्टी मागवली, जमिनीला टेकवून प्रत्येक रेघ आपल्या हाताने तिच्यावर उतरवली, शेजारी वर्षे लिहिली, आणि मग म्हणाली, "आता पाडा."

पुढचे काम झटपट झाले. भिंतीवर पाणी शिंपडून ती किती शोषते हे पाहिले, अस्तराचा हात दिला, आणि लांबीचे दोन पातळ थर दिले. पहिला उभा, दुसरा आडवा, प्रत्येक जेमतेम मिलिमीटरभर. शेवटी दिवा भिंतीलगत तिरपा धरून उरलेले उंचवटे घासले. तयारीला महिना लागला, लांबीला दोन दिवस.

त्यानंतर एक पावसाळा गेला. पट्टी आता देवघराच्या दाराशी उभी आहे. आणि आई सकाळी बैठकीतून जाताना दाराशेजारची भिंत अजूनही एकदा ठोकून पाहते.