टिटवीची चुलत बहीण
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला सात मिनिटं दिली आहेत. बँकेत रोज वेळेत कॅश टॅली करायची सवय असल्यामुळे वेळेतच संपवतो.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये शेफील्डला असते. गेल्या वर्षी एप्रिलअखेर तिच्याकडे होतो. तिकडे तेव्हा वसंत ऋतू. एका रविवारी म्हणाली, "बाबा, चला, पक्षी बघायला जाऊ." अर्ध्या-पाऊण तासात आम्ही पीक डिस्ट्रिक्टमधल्या स्टॅनेज एजला पोहोचलो. लांबच लांब दगडी कडा आणि वर उघडं माळरान. तिकडे त्याला 'मूर' म्हणतात. झाड क्वचितच. काळी भिजकी जमीन आणि तिच्यावर हेदरची तपकिरी झुडपं, जी ऑगस्टमध्ये जांभळी होतात. मला आपल्या कोकणातला सडाच आठवला. थंडी मात्र अशी की वसंतातसुद्धा माझी कानटोपी सुटली नाही. कड्याखाली जात्याचे मोठाले घडवलेले दगड तसेच पडलेत. धंदा बसला, माल राहिला. मला लगेच बुडीत कर्जं आठवली!

इतक्यात झुडपातून आवाज आला, "गो बॅक, गो बॅक!" तो रेड ग्राऊज, तित्तिराच्या जातकुळीतला तांबूस पक्षी. मी म्हटलं, "याला व्हिसा दाखवू का?" पुढे वाकड्या लांब चोचीच्या कर्ल्यूची चढत जाणारी शीळ ऐकली. आभाळात चंडोल गात होता.

मग शेजारच्या कुरणातून काळा-पांढरा, तुरेवाला पक्षी उठला आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला. हा लॅपविंग, आपल्या टिटवीची चुलत बहीण. दोघींचं घरटं म्हणजे जमिनीतला खळगा, त्यात मातीच्या रंगाची चार अंडी. मुलीने मला ताबडतोब मागे ओढलं.

अशा मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याला दोरीने बांधूनच न्यायचं, असा तिकडे कायदा आहे. वॉचमन कुठेच नव्हता, तरी भेटलेला प्रत्येक जण तो पाळत होता. याच भागातल्या किंडर स्काउट डोंगरावर चालायला मिळावं म्हणून १९३२ साली कामगारांनी बंदी मोडली, काही जण तुरुंगातही गेले. भांडून मिळवलेल्या जागेवर लोक पक्ष्यांसाठी जपून पाऊल टाकत होते.

परतताना मी गप्प होतो. जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्या मागच्या मोकळ्या जागेत टिटवी अंडी घालायची. एका मे महिन्यात तिथे रोलर फिरवायचा होता. मी खजिनदार. वॉचमन सांगायला आला, "साहेब, खळग्यात अंडी आहेत." मी म्हटलं, "ॲडव्हान्स दिलाय, काम थांबणार नाही." टिटवी दोन दिवस ओरडत होती. अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात. तेवढं थांबलो असतो तर सोसायटीचं काय बिघडलं असतं?

आता उरलेल्या तुकड्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आहे. माझा विरोध नाही, पार्किंग हवंच. पण टिटवीची जोडी पुन्हा दिसतेय. एवढीच विनंती, की काम दिवाळीनंतर काढा. तोवर चार खुंट्या ठोकून दोरी बांधू. पाटी मी स्वतः रंगवीन. खर्च माझा, व्हाउचर लावणार नाही.